'सोमवारपर्यंत': टिल की बाय?

भाजणी: मेलमध्ये 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल मंडे' लिहिलं की साहेब खोडून 'बाय मंडे' करतात. दोन्हीचा अर्थ 'सोमवारपर्यंत'च ना? मग चुकतंय कुठे?

बोरू: आपलं एकटं 'पर्यंत' दोन कामं करतं, इंग्रजीत ती वाटून दिलीत. 'सोमवारपर्यंत सुट्टीवर आहे' यात सुट्टी रोज चालू आहे, म्हणून टिल किंवा अंटिल. 'सोमवारपर्यंत रिपोर्ट देतो' यात देणं एकदाच व्हायचं आणि सोमवार ही मुदत, म्हणून बाय. अडलं तर वाक्यात 'च राहीन' घालून बघा. 'सोमवारपर्यंत थांबतच राहीन' चालतं, तिथे टिल. 'रिपोर्ट देतच राहीन' म्हटलं की हसू येतं, तिथे बाय. साहेबांना तुमच्या मेलमध्ये तेच दिसतं.

काना_मात्रा: पुढे क्रियापद आलं तर नुसतं बाय पुरत नाही, 'बाय द टाइम' लागतं. 'तू येईपर्यंत मी जेवलेलो असेन' हे 'बाय द टाइम यू कम'. 'तू येईपर्यंत थांबतो' हे 'अंटिल यू कम'. दोन्हीकडे 'यू विल कम' नको.

याहून मोठा घोळ 'जोपर्यंत वाचत नाही तोपर्यंत सही करू नका' यात होतो. मराठीत दोन नकार शोभतात, म्हणून आपण सर्रास 'अंटिल यू डोन्ट रीड' लिहितो. अंटिलच्या पोटात तो 'नाही' आधीच आहे. 'डोन्ट साइन अंटिल यू रीड इट', बस्स. मनात 'वाचेपर्यंत' म्हणा, आपोआप बरोबर येतं.

भाजणी: 'बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार धरून?

बोरू: सहसा धरूनच. पण शुक्रवारी सकाळी की रात्री, यावरून वाद होतात. 'बाय 5 पीएम ऑन फ्रायडे' लिहा. रजेच्या मेलमध्ये 'अंटिल फ्रायडे' त्याहून संदिग्ध, कारण शुक्रवारी तुम्ही जागेवर आहात की नाही ते कळत नाही. 'बॅक ऑन मंडे' लिहून मोकळे व्हा. अमेरिकी मंडळी 'थ्रू फ्रायडे' म्हणतात, त्यात शुक्रवार धरलेला असतो.

काना_मात्रा: जाता जाता, टिल हा अंटिलचा तुकडा नव्हे, उलट टिलच जुना. फक्त स्पेलिंगमध्ये टिलला दोन एल, अंटिलला शेवटी एकच.