'मीट द रॉबिन्सन्स'चा शेवट: टोपीवाला येतो कुठून?

चष्मेबद्दूर: (शेवट फोडलाय, न पाहिलेल्यांनी पुढे वाचू नये.) डिस्नेचा २००७चा सिनेमा. अनाथाश्रमातला छोटा संशोधक लुईस भविष्यातून वर्तमानात परतल्यावर मैदानावर थांबून डुलक्या काढणाऱ्या गूबला, आपल्या खोलीतल्या मित्राला, उठवतो आणि आधी सुटलेला झेल गूब आता घेतो. म्हणजे तो कडवट होणार नाही, मोठेपणी बोलर हॅट घालून सूड घ्यायला येणार नाही. मग विल्बर, लुईसचा भविष्यातला मुलगा, कोणाच्या मागावर येतो? मुलांनी विचारलं तर उत्तर काय?

रीळवाला: प्रसंगांचा क्रम बघा. लुईस "तुला मी कधीच बनवणार नाही" अशा अर्थाचं म्हणतो, तेव्हा डोरिस, म्हणजे त्याने पुढे बनवलेली यंत्र-टोपी, तिथल्या तिथे गायब होते आणि बिघडलेलं भविष्य पूर्ववत होतं. टोपीवाला मात्र गायब होत नाही, तो आपल्या पायांनी निघून जातो. बरोबरच आहे, कारण तोवर गूबला कोणी उठवलेलंच नाही. त्याचं मूळ कारण पुसलं जातं ते लुईस परतल्यावर. विज्ञान प्रदर्शनातही दुसऱ्या खेपेला लुईसचं यंत्र चालतं, कारण स्क्रू ढिले करणारी डोरिसच उरलेली नाही.

अर्धवटराव: सहमत, पण मुलांना आधी दोन प्रकार वेगळे करून दाखवा. तिसऱ्या हॅरी पॉटरमध्ये (२००४) वर्तुळ बंद आहे: खिडकीतून आलेला दगड काळात मागे गेलेल्या हर्मायनीनेच मारलेला असतो, बदलत काहीच नाही. रॉबिन्सन्समध्ये इतिहास बदलतो, प्रवाशाची आठवण तेवढी शाबूत राहते, 'बॅक टू द फ्युचर'सारखी. तेव्हा कागदावर वर्तुळ काढू नका. एक रेघ ओढा, गूबच्या झेलापाशी तिला फाटा फोडा. टोपीवाला जुन्या फाट्यावरचा, लुईस उडी मारून नव्यावर आलेला. वर्तुळ काढलंत की दुसऱ्या फेरीला टोपीवाला सापडत नाही आणि मुलं तिथेच अडतात.

खरी पळवाट डोरिसची आहे. 'बॅक टू द फ्युचर'च्या नायकाच्या, मार्टीच्या, फोटोतली भावंडं हळूहळू पुसट होतात. इथे नुसत्या निश्चयाने टोपी नाहीशी! उद्या लुईसचं मन बदललं तर?

चष्मेबद्दूर: फाट्याचं पटलं. पण इतिहास बदलता येतो तर तान्ह्या लुईसला अनाथाश्रमाच्या दारात सोडणाऱ्या आईजवळ विल्बर नेतो, तेव्हा लुईस तिला थांबवत का नाही?

रीळवाला: थांबवलं तर तो अनाथाश्रमात वाढत नाही, ल्युसिल आणि बड त्याला दत्तक घेत नाहीत, मोठेपणीचा कॉर्नेलियस रॉबिन्सन, म्हणजे विल्बरचा बाप, होत नाही. शेजारी उभा असलेला विल्बरही मग जन्मत नाही. गूबला उठवून यातलं काही मोडत नाही, म्हणून तो बदल चालतो.