'रजिस्ट्रेशन'ला जुळणी म्हणावं का? आणि चित्रातली लय मोजायची कुठून?

चौकडा :
नागपुरात स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेल्या भौमितिक अमूर्त मुद्राचित्रांचं छोटंसं प्रदर्शन लावायचंय, त्याच्या पाट्यांचा मजकूर मराठीत हवा. तीन शब्दांवर गाडी अडलीय. रजिस्ट्रेशन, म्हणजे दुसरा रंग पहिल्याच्या नेमक्या जागी पडणं. 'नोंदणी' तर तहसील कचेरीतली, म्हणून सध्या 'जुळणी' लिहिलंय. ग्रिडला, म्हणजे रचनेखालच्या चौकटींच्या आखणीला, 'जाळी' आणि रिदमला 'लय'. पटतं का?

खिळा :
जुळणी नको. छापखान्यात जुळणी म्हणजे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणं, ती करणारा तो जुळारी. शिसं गेलं तरी 'अक्षरजुळणी' पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर अजून छापतात. जाळीही नको. स्क्रीनवाल्याची जाळी म्हणजे फ्रेमवर ताणलेलं, ज्यातून शाई कागदावर उतरते ते कापड, सेंटीमीटरला ९० धागे, १२० धागे असं मोजतात ते. 'जाळीवर बेतलेली रचना' वाचून तो भलतंच समजेल.
ग्रिडला रांगोळीतले 'ठिपके' का नाही? सात ते चार म्हटलं की षटकोन उभा राहतो, सात ओळी सात ठिपके म्हटलं की चौरस. रेघा ओढल्या की ठिपके दिसेनासे होतात, ग्रिडचंही तेच.

इतवारीची फ्रेम :
लग्नपत्रिका छापणारे 'रजिस्टर' म्हणतात, अन् चुकला की 'आऊट गेला'. मराठी क्रियापद पाहिजे असेल तर 'बसणं'. रंग बराबर बसला, नाही बसला. नाम कशाला बनवून राहिले?
आता तो काऊन नाही बसत, ते सांगतो. कागद अडवायला तीन टेके लागतात, दोन लांब बाजूला, एक आखूड बाजूला, अन् प्रत्येक रंगाला तोच कोपरा. टेबल अन् जाळीतलं अंतर २ ते ३ मिमी. जास्त ठेवलं तर स्क्वीजीच्या (शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या) दाबानं जाळी ताणते अन् चौकोन थोडा लांबट छापतो, मग कोपरा जुळवला तरी दुसरं टोक सुटते.
आपल्याकडे मे महिन्यात खरा घोटाळा कूलर करते. सकाळी कोरड्या हवेत पिवळा मारला, दुपारी कूलर लावून निळा. दमट हवेनं कागद फुगते, तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त. लोक फ्रेमच्या कब्ज्यांना दोष देतात. सगळे ताव आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत पसरून ठेवा अन् कूलर एक तर दिवसभर चालू, नाही तर दिवसभर बंद. बंद ठेवला तर पाण्याची शाई जाळीतच वाळते. शाई उशिरा वाळावी म्हणून ५ टक्क्यांच्या आसपास रिटार्डर घाला, अन् प्रत्येक छापानंतर जाळीवर शाईचा थर ओढून ठेवा.

रूपक :
'लय' अर्धीच बरोबर आहे. दोन मात्रांमधलं अंतर सारखं राहणं ही लय. त्या मात्रांचे विभाग पाडून सम (पहिली मात्रा) आणि खाली (टाळी न देता सोडलेली) ठरवली की ताल. १५ मिमीच्या १६ पट्ट्या ओळीनं छापल्या, २४० मिमी भरले, लय आली. पण ते कुंपण झालं. नववी पट्टी कोरी सोडा, सोळा मात्रांच्या त्रितालाची खाली तिथंच येते. डोळा थबकतो आणि चार-चारचे गट पाडू लागतो. सात पट्ट्या ३-२-२ अशा रंगवून पहिलीच कोरी ठेवली तर सात मात्रांचा रूपक ताल, कारण त्याची सम खालीवरच असते. म्हणून पाटीवर 'लय' सरसकट नको. गट असतील तिथं ताल, नुसती पुनरावृत्ती असेल तिथं लय.
चित्रकार जोसेफ आल्बर्सनं १९५० पासून चालवलेल्या, एकात एक चौकोनांच्या चित्रमालेला मात्र दोन्ही शब्द लागू नाहीत. आतला चौकोन मध्यावर नसतो; खालची पट्टी १, बाजूच्या २, वरची ३ असं माप. त्याला 'तोल' म्हणावं.
आणि रंग बसण्याच्या वरच्या मुद्द्याशी लय-तालाचा थेट संबंध आहे. रंग १ मिमी सरकला की प्रत्येक पट्टीच्या एका कडेला पांढरी फट, दुसऱ्या कडेला गडद रेघ. डोळा त्यांनाही मात्रा समजून मोजतो. ताल बिघडतो तो तिथं.

चौकडा :
फट टाळायला फिका रंग गडदाखाली अर्धा मिमी वाढवतात ना?

इतवारीची फ्रेम :
वाढवतात, पण गडद रंग अपारदर्शक असेल तरच. तुमचे पारदर्शक असतील (एक भाग शाई, चार भाग ट्रान्स्परंट बेस) तर तो अर्धा मिमी हिरवी रेघ होऊन वर दिसते. मग चक्क १० मिमी चढवा, पट्टीच करून टाका. लपत नसेल ते रचनेत घ्या.

खिळा :
त्या हिरव्याला कृपया 'मिश्रण' लिहू नका. मिश्रण डब्यात होतं. इथं पिवळ्यावर निळा चढलाय, 'चढ' पुरे.

चौकडा :
पाटी बदलली: 'सात ओळी सात ठिपक्यांवर बेतलेली रचना. तीन रंग, पिवळ्यावर निळ्याचा चढ. ताल ३-२-२.'

रूपक :
पहिली पट्टी कोरी आहे ना? नसेल तर ३-२-२ हा विभाग झाला, रूपक म्हणू नका.

इतवारीची फ्रेम :
अन् रंग दोनच आहेत. तिसरा चढाचा आहे, तो स्क्रीनमध्ये मोजत नाहीत.