ताईला आमवात आहे, ध्यान केल्याने इन्फ्लमेशन (शरीरातली सूज) खरंच जातं का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझी मोठी बहीण सिन्नरला असते, तिला काही वर्षांपासून आरए आहे म्हणजे आमवात. मेथोट्रेक्सेट ही आमवाताची मुख्य गोळी आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) असं चालू आहे आणि बरंच कंट्रोलमधे आहे, सकाळी बोटं आखडतात पण लाटणं धरवत नव्हतं ते दिवस गेले. आता झालंय असं की भिशीतल्या एका काकूंनी तिला व्हिडिओ पाठवला, ध्यानाने शरीरातलं इन्फ्लमेशन मुळापासून जातं, अमेरिकेत सिद्ध झालंय वगैरे. तेव्हापासून ताईचं ठरलंय, इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करायचं आणि आल्यावर गोळ्या "हळूहळू" बंद. गोळीच्या दुसऱ्या दिवशी तिला मळमळतं, केसही गळतात, ती कंटाळलीये हे दिसतं मला. दाजी म्हणतात करू दे तिला काय करायचं ते. शिबिराला माझी ना नाही, पण अमेरिकेत सिद्ध झालंय म्हणजे नक्की काय सिद्ध झालंय? कुणी वाचलंय का? आणि प्लीज नुसतं "डॉक्टरांना विचारा" लिहू नका, विचारणार आहोतच.

कडू_कारलं
काही सिद्ध बिद्ध झालेलं नाही. ध्यानाने सूज उतरली असती तर पाय मुरगळल्यावर लोक बर्फ कशाला लावत बसले असते, डोळे मिटून बसले असते की.

चिंचगूळ
कारलंराव, अगदीच तसं नाही हो. जरा मोठं लिहितेय, चालवून घ्या.

जॉन कबात-झिन नावाच्या माणसाने १९७९ मधे मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमधे आठ आठवड्यांचा एक कोर्स सुरू केला, एमबीएसआर म्हणतात त्याला, म्हणजे ध्यानातून ताण कमी करायला शिकवणारा कोर्स. त्यात बॉडी स्कॅन असतो, पडून राहायचं आणि पायाच्या अंगठ्यापासून वरपर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं, विपश्यना केलेल्यांना ओळखीचं वाटेल. बहुतेक संशोधन या कोर्सवर झालंय.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग विस्कॉन्सिनचा, २०१३ चा. एका गटाला एमबीएसआर शिकवला आणि दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ चालणं, व्यायाम, आहार, संगीत असला कोर्स दिला, म्हणजे "आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय" याचाच फायदा झाला असं कुणी म्हणायला नको. मग प्रत्येकाच्या हातावर मिरचीतल्या झणझणीत द्रव्याचं क्रीम लावलं, त्याने कातडी लाल होते, आणि टेन्शन यावं म्हणून परीक्षकांसमोर उभं करून भाषण करायला लावलं, वर तोंडी गणितं. ध्यानवाल्यांच्या हातावरचा लाल चट्टा कमी पसरला. गंमत म्हणजे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, दोन्ही गटांचं सारखंच वाढलं होतं, आणि "मला आता बरं वाटतंय" असं सांगण्यातही दोन्ही गट सारखेच. म्हणजे ताणामुळे जी सूज भडकते तिच्यावर थोडा परिणाम दिसतो, बास, एवढंच.

दुसरा २०१६ चा, पिट्सबर्गकडचा. नोकरी गेलेली, कामाच्या शोधात असलेली ३५ माणसं, निम्म्यांना तीन दिवस ध्यान शिकवलं, बाकीच्यांना तीन दिवस नुसतं रिलॅक्स व्हायला. चार महिन्यांनी ध्यानवाल्यांच्या रक्तात आयएल-६ कमी सापडलं, हे सूज वाढवणाऱ्या रसायनांपैकी एक. पण ३५ माणसं म्हणजे एस.टी.ची एक गाडीपण भरत नाही. त्याच वर्षी २० चाचण्या एकत्र तपासणारा लेख आला, मिळून १६०० च्या वर लोक, त्यात सुजेच्या काही खुणा सुधारलेल्या दिसल्या पण लेखकांनीच म्हटलंय की हे अजून कच्चं आहे, पुन्हा तपासायला हवं.

आता तुमच्या ताईंच्या कामाचं. खास आरएच्या पेशंटवर २००७ मधे अभ्यास झालाय, ६३ जण. सहा महिन्यांनी ध्यान शिकलेल्यांची मनाची तगमग बरीच कमी झाली होती, पण सांध्यांच्या आजाराचा जो स्कोर डॉक्टर मोजतात त्यात फरक नाही. आणि डॉक्टरांचे उपचार सगळ्यांचे चालूच होते!! सोरायसिसवर कबात-झिनचा १९९८ चा अभ्यास आहे तिथेही तेच, लाइटची ट्रीटमेंट घेताना ध्यानाची कॅसेट ऐकणाऱ्यांची कातडी लवकर साफ झाली, पण ट्रीटमेंट घेतानाच ना. औषध सोडून ध्यान केलं आणि आमवात गेला, हे कुणी दाखवलेलं नाही. व्हिडिओवाले नेमकं हेच गाळतात.

लॅबवाला
चिंचगूळ ताईंशी सहमत. मी ब्लड टेस्टच्या लाइनमधे आहे म्हणून थोडी भर घालतो. लोक शिबिराहून येतात, लगेच सीआरपी (सूज दाखवणारी ब्लड टेस्ट) करतात आणि कमी आला की ग्रुपवर रिपोर्टचा फोटो. अरे बाबांनो सीआरपी लिव्हरमधे तयार होतो आणि आयएल-६ च्या इशाऱ्यावर झपाट्याने वरखाली होतो, साधी सर्दी ताप दाढदुखी काहीही असेल तर चढतो आणि ते बरं झालं की आपोआप उतरतो. ईएसआर ही सुजेचीच दुसरी टेस्ट, ती तर त्याहून भोळी, हिमोग्लोबिन कमी असलं तरी वाढलेली दिसते, आपल्याकडच्या निम्म्या बायकांना ते कमीच असतं. म्हणून एका रिपोर्टवरून काही ठरवू नका. आणि दुसरं म्हणजे मेथोट्रेक्सेट बंद केल्यावर आजार दुसऱ्या दिवशी उठत नाही, काही आठवडे छान जातात, पेशंटला वाटतं बघा गोळीशिवाय चाललंय की, आणि मग एक दिवस मनगट सुजून येतं. सांध्याचं हाड एकदा झिजलं की ते परत भरून येत नाही हो.

कडू_कारलं
मिरचीचा प्रयोग भारी आहे, माहीत नव्हता. बाकी माझं मत तेच.

मुक्काम_पोस्ट
मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे मणक्याला सूज येणारा आजार, कंबर आणि मान. इगतपुरीचं शिबिर केलंय आणि पुन्हा जाईन, तेव्हा माझं एकतर्फी समजा पाहिजे तर. दुखणं गेलं का? नाही. पण पूर्वी दुखायला लागलं की "आता वाढणार, उद्या ऑफिसला जाता येणार नाही, नोकरी जाणार" अशी जी रात्रभर चक्की चालायची ती बरीच थांबली, झोप लागायला लागली, आणि माझ्या डॉक्टरांचं म्हणणं असं की झोप मोडली की सूज वाढते त्यामुळे तेवढा फायदा खरा धरायला हरकत नाही. इंजेक्शन चालू आहे.

ताईंना जायचं असेल तर काही गोष्टी आधी बघा, या कुणी सांगत नाही. फॉर्ममधे आजार आणि औषधं विचारतात तिथे सगळं खरं लिहा, लपवू नका. पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी दहाएक तास बैठक. चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसायच्या बैठका सुरू होतात, आरएवाल्याने खुर्ची मागून घ्यावी, देतात, त्यात लाजायचं काय. जेवण अकराला, संध्याकाळी पाचला चहा आणि फळ किंवा मुरमुरे, रात्री जेवण नाही. ज्यांच्या गोळ्या रात्री जेवणानंतर असतात, पेनकिलर किंवा स्टेरॉइड, त्यांनी वेळ बदलून घ्यावी, रिकाम्या पोटी पेनकिलर म्हणजे ॲसिडिटीला आमंत्रण.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोन जमा करून घेतात, बोलायचं नसतं, तिसऱ्या चौथ्या दिवसानंतर वार कळत नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाची गोळी आहे, चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. तेवढ्या दिवसांपुरत्याच मोजून गोळ्या न्या, प्रत्येक पुडीवर तारीख आणि वार पेनाने लिहा, आणि तिथल्या धर्मसेविकेला (शिबिरात मदतीला असतात त्या) पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

चिंचगूळ
पुडीचं फार चांगलं सांगितलंत, हे मलाही सुचलं नसतं. गोदाकाठ, मळमळीचंही बोला डॉक्टरांशी. मेथोट्रेक्सेट इंजेक्शनमधेही मिळतं, बऱ्याच जणांना त्याने मळमळ कमी होते, फॉलिक ॲसिडचा डोसही ॲडजस्ट करतात. ताईंना खरं तर मळमळ सोडायचीये, आजाराचं औषध सोडायचं नाहीये, असं मला वाटतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताईला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. ६३ जणांचं ऐकून गप्प बसली, मग म्हणाली त्या लोकांची तगमग कमी झाली ना, मला तेच पाहिजे. इंजेक्शनचं ऐकून तयार झालीये पण स्वतः टोचून घ्यायची भीती वाटते म्हणते. शिबिराला जातेच आहे, डॉक्टरांना भेटूनच फॉर्म भरू असं ठरलंय, दाजीपण सोबत येतो म्हणाले दवाखान्यात. मुक्काम_पोस्ट, एक विचारायचं राहिलं, खुर्चीचं फॉर्ममधेच लिहायचं का तिथे गेल्यावर सांगायचं?

मुक्काम_पोस्ट
दोन्हीकडे. फॉर्ममधे लिहा आणि पोचल्यावर नावनोंदणीच्या टेबलावर परत सांगा. आणि शाल द्या बरोबर, इगतपुरीला पहाटे चांगलंच गार असतं, आखडलेल्या बोटांना ते नको.