नवीन ऑलिव्ह जॅकेट रुळल्यासारखं कसं करायचं?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी, एम-६५ पॅटर्नचं, म्हणजे अमेरिकन आर्मीच्या धाटणीचं फील्ड जॅकेट घेतलंय, चार खिसे, कॉलरमध्ये चेनच्या आत टोपी घडी करून ठेवलेली. फिटिंग एकदम मस्त पण कापड इतकं कडक आहे की हात दुमडला तरी कोपराची घडी तशीच उभी राहते, आणि वरून चकाकतं. थंडीत अंजनेरी, ब्रह्मगिरीला घालायचंय, तोवर जरा रुळलेलं दिसायला हवं. मित्र म्हणतोय ब्लीच मार. लेबलवर अर्धं कॉटन अर्धं नायलॉन लिहिलंय.

जुना_ट्रेकर
भाऊ ब्लीचला हात लावू नकोस. क्लोरीनने नायलॉन पिवळट पडतं, कमजोर होतं आणि ऑलिव्हवर तांबूस डाग उठतात ते परत जात नाहीत. अमेरिकन आर्मीने हे जॅकेट १९६५ मध्ये आणलं तेव्हापासून कॉटन-नायलॉन सॅटीनच वापरलं, टिकावं म्हणूनच, त्यामुळे एका धुण्यात काही होणार नाही. आधी रात्रभर कोमट पाण्यात भिजव म्हणजे कांजी निघेल, मग चेन लावून, उलटं न करता, जीन्ससोबत मशीनला टाक. असं पाच-सहा वेळा कर. किंचित ओलं असताना अंगात घालून घरात वावर, कोपराच्या घड्या तुझ्या हाताप्रमाणे बसतात, हे दुसऱ्या कशानेच होत नाही.

शिवणकाम_सिडको
धुऊन झालं की २२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या, जॅकेट पूर्ण सुकलेलं हवं. आत लाकडाचा सपाट तुकडा धरून फक्त कडांवर फिरवायचा, कॉलरची दुमड, कफ, खिशाच्या झाकणाची कड, एवढंच. शिवणीच्या उंचवट्यावर हलका हात ठेवा, दोऱ्यावर जोर दिला तर टाके तुटतात. आणि दोन्ही बाजू सारख्या घासू नका हो! तुम्ही उजव्या हाताने काम करत असाल तर उजव्या खिशाचं तोंड आणि उजवा कफ आधी झिजतो, खऱ्या जुन्या कपड्यात तेच दिसतं. पाठ, छाती मोकळी सोडा, मध्येच घासलेला चट्टा लगेच ओळखू येतो.

देवळालीकर
रंग उतरवायला आपलं एप्रिल-मेचं ऊन आहेच, पण तुम्हाला थंडीआधी हवंय तर पाऊस सरल्यावरचं ऑक्टोबरचं ऊन धरा. गच्चीवर हँगरला लावा, दोरीवर आडवं टाकू नका, मध्ये पट्टा उठतो. हँगरवर खांदे आधी फिके होतात, तसेच हवेत. एक विनंती, बाजारात मिळतात म्हणून रँकच्या पट्ट्या, युनिटचे बिल्ले लावू नका. इकडे तोफखान्याची माणसं रोज दिसतात, ते त्यांनी कमावलेलं असतं. शिवाय सैनिक भासवायला तसा पोशाख घालणं गुन्हा आहे.

गंगापूररोडकर
बिल्ले नाहीच लावणार दादा. ब्लीच कॅन्सल, आज रात्रीच भिजत टाकतो. पितळी चेन फार चमकते, तिचं काय करू?

शिवणकाम_सिडको
काही लावू नका, हात लागून लागून आपोआप काळपट होते. अडकायला लागली तर मेणबत्ती फिरवा.