सल्ला हवा: जपानमधले भूकंप पुण्यातून आणि सेंदाईतून नेमके कसे बघावेत?

रानजाई

लेक ऑक्टोबरपासून दोन वर्षं जपानमधल्या सेंदाई शहरात असेल. तयारीचा भाग म्हणून चार गोष्टी विचारायच्या आहेत.

१. एकाच भूकंपाचे दोन-तीन वेगळे आकडे दिसतात. जपानी एक, अमेरिकन दुसरा. कुठला धरायचा?
२. तिच्या फोनवर काय काय हवं?
३. आम्हाला पुण्यातून बघायला एकच भरवशाचं पान कुठलं?
४. भाच्याला प्रोग्रॅमिंग येतं. घरातल्या जुन्या रास्पबेरी पायवर (छोट्या संगणकावर) सतत चालणारा फलक करता येईल का?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. जपानी शब्द आले तर चालतील, तिने भाषेचा पहिला टप्पा केलाय.

कातळकडा

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की निम्मी काळजी जाते.

तुम्ही बघताय तो आकडा मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपाच्या उगमापाशी किती मोठी घडामोड झाली ते. लेकीच्या खोलीत किती हललं हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी जपानची हवामान संस्था (जेएमए) ‘शिन्दो’ देते. शिन्दो प्रत्येक ठिकाणचा वेगळा असतो. पायऱ्या दहा: ०, १, २, ३, ४, मग ५ ज्याकु, ५ क्यो, ६ ज्याकु, ६ क्यो आणि ७. ज्याकु म्हणजे सौम्य, क्यो म्हणजे तीव्र. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर, १९९६ साली ५ आणि ६ चे असे दोन-दोन भाग केले, कारण एकाच पायरीत फार वेगवेगळं नुकसान दिसत होतं.

ढोबळ अंदाज असा ठेवा. ३ ला घरात असलेल्या बहुतेकांना जाणवतं. ४ ला टांगलेले दिवे जोरात झुलतात. ५ ज्याकुला फडताळातली भांडी, पुस्तकं पडू लागतात. ५ क्योला आधाराशिवाय चालणं कठीण आणि न बांधलेलं कपाट कोसळू शकतं. ६ ज्याकुला उभं राहणंच अवघड. म्हणून सेंदाईत ४ पर्यंत आकडा असेल तर पुण्यातून फोनची घाई नको.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. १९९३ चा किल्लारीचा भूकंप साधारण ६.२ चा, पण उथळ आणि थेट गावांखाली. वर दगडमातीची जड घरं. हजारो माणसं गेली. तेवढाच भूकंप जपानच्या पूर्वेला समुद्रात ५०-६० किलोमीटर खोल झाला, तर किनाऱ्यावर बऱ्याचदा शिन्दो ३-४ वर भागतं. आकडा तोच, परिणामात जमीन-अस्मानाचा फरक.

आता दोन आकडे का? जेएमए स्वतःच्या पद्धतीने लहरींच्या उंचीवरून मॅग्निट्यूड काढते. ते झटपट मिळतं, पण ८ च्या पुढे तोकडं पडतं. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था (यूएसजीएस) मोठ्या भूकंपांना मोमेंट मॅग्निट्यूड देते. ते हळू येतं, पण महाभूकंपालाही पुरतं. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपाला जेएमएने ७.६ दिले, यूएसजीएसने ७.५. दोन्ही बरोबर, मोजपट्टी वेगळी. मात्र ११ मार्च २०११ च्या महाभूकंपाला पहिला आकडा ७.९ आला, मग ८.४, ८.८ आणि शेवटी ९.०. त्या पहिल्या आकड्यावरून मियागी प्रांताला (सेंदाई त्यातच येतं) ६ मीटर त्सुनामीचा इशारा गेला, आणि १० मीटरची सुधारणा यायला जवळपास अर्धा तास गेला. तेव्हापासून नियम बदललाय. ८ च्या वरचा भूकंप वाटला तर पहिल्या इशाऱ्यात मीटर न देता ‘क्योदाइ’, म्हणजे महाप्रचंड, एवढाच शब्द येतो. तो शब्द दिसला तर पुढच्या आकड्याची वाट न बघता उंचावर जायचं. हे लेकीला आत्ताच पाठ करून द्या.

हिरोसेगावा

फोनचं मी सांगते.

सर्वांत आधी जपानी कंपनीचं सिम. भूकंपाची पूर्वसूचना टॉवरवरून एकाच वेळी सगळ्यांना प्रसारित होते, त्यामुळे नेटवर्कवर ताण असला तरी पोचते. फक्त डेटा देणाऱ्या प्रवासी ई-सिमवर तिची खात्री धरू नका. भारतातून नेलेल्या काही अँड्रॉइड फोनांवर ती सोयच नसते. आयफोनवर जपानी सिम घातल्यावर सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या पानावर अगदी खाली आपत्कालीन इशाऱ्याचं बटण दिसतं, ते चालू आहे ना बघावं. कर्कश आवाज आणि पाठोपाठ ‘जिशिन देसु’ असं ऐकू येतं. तो आवाज यूट्यूबवर आधी दोन-चारदा ऐकवा, नाहीतर पहिल्या वेळी तो कशाचा हे कळण्यातच सेकंद जातात.

त्यावर दोन ॲप:

‘सेफ्टी टिप्स’. परदेशी लोकांसाठीच बनवलेलं. १५ भाषांत आहे. मराठी-हिंदी नाही, देवनागरीत फक्त नेपाळी आहे. इंग्रजी ठेवावं.

‘नर्व्ह बोसाइ’. जपानी आणि इंग्रजी. नकाशा सुरेख आणि वेगवान. ठिकाण ‘सेंदाई-शी’ पुढे वॉर्ड असं नोंदवावं. अँड्रॉइडवर बॅटरी बचतीच्या यादीतून दोन्ही ॲप वगळायची, कारण सूचना उशिरा येण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

पुण्याच्या घरच्यांसाठी: जेएमएच्या संकेतस्थळाचं इंग्रजी भूकंप पान. यादीतल्या ओळीवर टिचकी मारली की गावागणिक शिन्दो उघडतो. सेंदाईचे पाच वॉर्ड आहेत: आओबा, मियागिनो, वाकाबायाशी, ताइहाकु, इझुमी. पाचांचे आकडे सारखे येत नाहीत. आओबा टेकड्यांचा भाग, वाकाबायाशी समुद्राकडचा सपाट आणि मऊ मातीचा. लेक कुठल्या वॉर्डात राहते ते लिहून ठेवा आणि तोच आकडा बघा, ‘मियागी प्रांतात कमाल ५’ हा नाही.

माहिती कुठल्या क्रमाने येते हेही महत्त्वाचं. साधारण दीड मिनिटात पहिली नोंद येते, ३ किंवा जास्त शिन्दोच्या विभागांची. त्यात शहराचं नाव नसतं, सेंदाईला ‘मियागी मध्य’ या नावाखाली शोधायचं. तीनेक मिनिटांत त्सुनामीचा इशारा किंवा ‘धोका नाही’. पाचेक मिनिटांत केंद्र, खोली आणि गावोगावचे आकडे. दुसऱ्याच मिनिटाला वॉर्डाचा आकडा नाही म्हणून घाबरू नका, तो अजून यायचा असतो.

वेळेचं ध्यानात असू द्या: जपान आपल्यापुढे साडेतीन तास. यूएसजीएसचा डेटा जागतिक वेळेत असतो, त्यामुळे एकच भूकंप दोन वेगळे वाटतात. उलटही होतं. १६ मार्च २०२२ ला फुकुशिमासमोरच्या समुद्रात रात्री ११:३४ ला ६.१ आणि ११:३६ ला ७.४ असे खरोखरच दोन झाले होते. यादीत जवळजवळ दोन ओळी दिसल्या की पुनरुक्ती समजून सोडून देऊ नये.

दशांशचिन्ह

फलकाबद्दल. जेएमए आपत्तीविषयक सगळी निवेदनं एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला वाचता येईल अशा मजकुरात, खुली ठेवते. भाच्याने भूकंप-ज्वालामुखीचा ‘उच्च वारंवारिता’ फीड घ्यावा, तो दर मिनिटाला ताजा होतो. त्यातले चार प्रकार पुरे: व्हीएक्सएसई५१ (शिन्दोची पहिली नोंद), व्हीएक्सएसई५२ (केंद्र), व्हीएक्सएसई५३ (केंद्र आणि सगळीकडचे शिन्दो), व्हीटीएसई४१ (त्सुनामी इशारा). भूकंपाची पूर्वसूचना मात्र या खुल्या फीडमध्ये नसते.

अडतं कुठे ते आधीच सांगतो:

मॅग्निट्यूड अज्ञात असेल किंवा ८ च्या वरचा अंदाज असेल तर आकड्याच्या जागी ‘एनएएन’ (‘ही संख्या नाही’) येतं आणि खरा अर्थ शेजारच्या वर्णनात असतो. संख्या समजून वाचलं तर प्रोग्रॅम नेमका सर्वांत मोठ्या भूकंपाला कोसळतो. ही चाचणी सर्वांत आधी करावी.

स्थान एकाच ओळीत सलग येतं: अक्षांश, रेखांश आणि शेवटी खोली, तीही मीटरमध्ये आणि उणे चिन्हासह. उणे १०००० म्हणजे १० किलोमीटर खोल.

निवेदनं दुरुस्त होतात, क्वचित रद्दही होतात. प्रत्येकात घटनेचा एक क्रमांक असतो. त्या क्रमांकावर जुनी नोंद पुसून नवी लिहायची, नाहीतर एकाच भूकंपाच्या चार नोंदी साचतात.

फीड बदलला असेल तरच उतरवा, आणि उतरवलेली फाइल परत परत मागू नका. दिवसाला १० जीबीच्या वर गेलात तर जोडणी रोखली जाऊ शकते.

एक्सएमएलचा कंटाळा असेल तर ‘पी२पी जिशिन जोहो’ ही मोफत सेवा तीच माहिती जेसनमध्ये देते, वेबसॉकेटही आहे. ५५१ म्हणजे भूकंप, ५५२ त्सुनामी, ५५६ पूर्वसूचना, जी वरच्या फीडमध्ये नसते. घरच्या फलकासाठी मी हीच सुचवेन. फक्त मध्येच जोडणी तुटते, ती पुन्हा जोडण्याचा कोड पहिल्या दिवशीच लिहा. आणि फलकाच्या कोपऱ्यात ‘शेवटची जोडणी किती वाजता’ हे दाखवा. शांत फलक आणि बंद पडलेला फलक दिसायला सारखेच असतात.

रानजाई

फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. एक शंका: पूर्वसूचना किती सेकंद आधी मिळते? आणि ‘क्योशिन मॉनिटर’ म्हणून एक रंगीत ठिपक्यांचा नकाशा दिसला, तो कसा वाचायचा?

कातळकडा

सेकंद अंतरावर ठरतात. पहिल्या पी लहरी सेकंदाला ६-७ किलोमीटर धावतात, खरा धक्का देणाऱ्या एस लहरी साडेतीन-चार. केंद्र १०० किलोमीटरवर असेल तर एस लहरीला पंचवीस-तीस सेकंद लागतात. त्यातले काही पी लहर यंत्रापर्यंत पोचण्यात आणि गणितात जातात, उरतात दहा-पंधरा. २०११ ला पहिली पी लहर नोंदल्यावर ८.६ सेकंदांत इशारा निघाला होता. पण शहराच्या थेट खाली १५ किलोमीटर खोल भूकंप झाला तर एस लहर चार-पाच सेकंदांत पायाखाली येते. तिथे इशारा हलण्याबरोबर किंवा नंतरच वाजतो. ती यंत्रणेची चूक नाही, भौतिकशास्त्राची मर्यादा आहे. म्हणून इशारा नसताना हललं तरी टेबलाखाली जायचंच.

कुठेतरी शिन्दो ५ ज्याकु किंवा जास्त होईल असा अंदाज आला की ४ किंवा जास्त अपेक्षित असलेल्या विभागांना इशारा जातो. फेब्रुवारी २०२३ पासून उंच इमारतींना झुलवणाऱ्या दीर्घ आवर्तनाच्या हालचालींचाही विचार होतो. त्यांच्या चार श्रेण्या आहेत, ३ किंवा जास्तला इशारा. लेक पंधराव्या मजल्यावर राहणार असेल तर शिन्दोबरोबर हीही श्रेणी बघा. जमिनीवर ३ असताना वर बराच वेळ झोका बसू शकतो.

चुकाही होतात. ऑगस्ट २०१३ मध्ये समुद्रतळावरच्या यंत्राच्या गोंगाटामुळे एका छोट्या भूकंपाचा ७.८ असा अंदाज निघाला आणि कांतोपासून क्युशूपर्यंत इशारा गेला. जानेवारी २०१८ ला इबाराकी आणि तोयामाचे दोन वेगळे भूकंप एक समजले गेले. तरी इशारा बंद करू नका. खोट्या इशाऱ्याची किंमत टेबलाखालचं अर्धं मिनिट, एवढीच.

क्योशिन मॉनिटर: भूशास्त्र व आपत्ती संशोधन संस्थेच्या (एनआयईडी) यंत्रांचं दर सेकंदाचं चित्र. निळा म्हणजे शांत, मग हिरवा, पिवळा, लाल. एकटाच ठिपका पिवळा झाला तर ट्रक, बांधकाम किंवा वीज समजा. शेजारचे ठिपके ओळीने उजळत बाहेर सरकणारं कडं तयार झालं, तर भूकंप. कडं नेहमी गोलच असेल असं नाही. ३० मे २०१५ ला ओगासावारा बेटांजवळ ६८२ किलोमीटर खोल ८.१ चा भूकंप झाला आणि तो सगळ्या ४७ प्रांतांत जाणवला. अशा खोल भूकंपात लहरी बुडणाऱ्या थंड, टणक प्लेटमधून फारशा न विरता वर येतात, म्हणून केंद्राच्या डोक्यावर कमी आणि पूर्व किनाऱ्यावर जास्त हलतं.

धक्क्यांची रांग लागली की नुसती संख्या मोजत बसू नका. २०२५ च्या जून-जुलैत तोकारा बेटांवर जाणवणारे भूकंप दोन हजारांच्या घरात गेले, ३ जुलैला शिन्दो ६ ज्याकुही झाला. त्याच वेळी ‘५ जुलैला महाभूकंप’ अशी अफवा पसरली होती. तारीख, जागा आणि आकार सांगून भाकीत करण्याची पद्धत आज अस्तित्वात नाही, हे जेएमए स्वतःच स्पष्ट सांगते. अधिकृत सूचना असते ती वाढलेल्या शक्यतेची: ऑगस्ट २०२४ मध्ये ह्युगानादा या क्युशूलगतच्या समुद्रातल्या ७.१ नंतर जपानच्या दक्षिणेकडच्या समुद्रतळावरच्या नानकाइ खंदकासाठी आठवडाभराची ‘लक्ष द्या’ सूचना पहिल्यांदा निघाली. होक्काइदो आणि सानरिकु किनाऱ्यासाठीही डिसेंबर २०२२ पासून तशी सोय आहे. सेंदाईला ती लागू पडते. ती आली की आठवडाभर बूट आणि पिशवी उशाशी, बाकी दिनक्रम नेहमीचा.

हिरोसेगावा

हलणं थांबल्यावरचं राहिलं, तेवढं लिहिते.

शिन्दो ५ च्या आसपास गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. शेगडी पेटत नाही आणि गरम पाणी जातं, लोकांना वाटतं नळी फुटली. आधी वास घ्यायचा. वास असेल तर काही न दाबता, दिव्याचं बटणही न लावता बाहेर पडून गॅस कंपनीला फोन. नसेल तर घरातली सगळी गॅसची उपकरणं बंद करायची, दाराबाहेरच्या मीटरवरचं टोपण काढून आतलं बटण नीट आत दाबायचं, लाल दिवा लागला की सोडायचं. पुढची तीन मिनिटं गॅस अजिबात वापरायचा नाही, मीटर गळती तपासत असतो. लाल लुकलुक थांबली की झालं. मध्येच कुणी गिझर लावला तर मीटर पुन्हा बंद होतो. घर घेतल्याच्या पहिल्या दिवशी मीटर कुठे आहे ते बघून फोटो काढून ठेवावा.

संपर्कासाठी १७१ हा निरोपाचा क्रमांक आहे: १ दाबून निरोप ठेवायचा, २ दाबून ऐकायचा. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सराव करता येतो. पुण्यातून त्याचीच वेब आवृत्ती, ‘वेब १७१’ वापरा. लेकीचा जपानी नंबर टाकून निरोप वाचता येतो.

रानजाई

घर बघताना काही विचारायचं का?

दशांशचिन्ह

एकच प्रश्न: बांधकामाची परवानगी १ जून १९८१ नंतरची आहे का? त्या दिवसापासून नवे भूकंपरोधक नियम लागू झाले, दलाल त्याला ‘शिन-ताइशिन’ म्हणतात. बांधून पूर्ण झाल्याची तारीख विचारू नका. १९८२ ला पूर्ण झालेली इमारत जुन्या परवानगीवर उभी असू शकते. लाकडी घर असेल तर २००० नंतरचं बघा, तेव्हा लाकडी सांध्यांचे नियम आणखी कडक झाले. मग पत्ता एनआयईडीच्या ‘जे-शिस’ नकाशात टाका, खालची जमीन किती मऊ आहे ते कळेल. वाकाबायाशीसारख्या सपाट भागात घर मिळत असेल तर महापालिकेचा त्सुनामी नकाशाही उघडा.