डायल-अपवाल्यांनी कर्नेलला हात लावू नये? हा सल्ला मला मान्य नाही

आठबिट

परवा 'रात्रपाळी' यांनी लिहिलेलं इथे बऱ्याच जणांनी वाचलं असेल. लिनक्सच्या २.४ वरून २.६ च्या कर्नेलवर (सिस्टमच्या गाभ्याच्या नव्या मालिकेवर) गेले, डायल-अप (फोनच्या तारेवरून मोडेमने लागणारं इंटरनेट) लागेना, दोन रात्री डोकं फोडलं आणि शेवटी मुकाट्याने जुनं कर्नेल बूट केलं, अशी एकूण हकिकत. शेवटी सल्ला असा की ज्याचं इंटरनेट फोनच्या तारेवर आहे त्याने कर्नेलला हातच लावू नये. खाली चौघांनी "अगदी मनातलं बोललात" म्हणून टाकलं. हे त्या चौघांसाठी लिहितोय, कारण हा सल्ला चुकीचा आहे आणि तो पसरू नये असं मला मनापासून वाटतं.

त्यांनी लॉग (मशीनने लिहिलेली नोंद) चिकटवला होता, तो कुणी वाचलेला दिसत नाही. मोडेमने लाइन उचलली, नंबर फिरवला, शिट्टी-खरखर झाली, कनेक्ट ४५३३३ आलं. आणि पुढच्याच क्षणी पीपीपीडी, म्हणजे फोनच्या तारेवर इंटरनेटची जोडणी (पीपीपी) करणारा प्रोग्रॅम, मेला, एक्झिट कोड (बंद पडण्याचं कारण सांगणारा आकडा) ४. म्हणजे टेलिफोनची लाइन चांगली, मोडेम चांगला, सीरियल पोर्ट चांगला. पासवर्ड विचारण्यापर्यंत तर गाडी गेलीच नाही. पीपीपीडीच्या मॅन पानावर (मशीनमधल्याच माहितीपानावर) ४ चा अर्थ दिलेला आहे: कर्नेलमध्ये पीपीपी नाही, किंवा आहे पण लोड होत नाही. मोडेमने लाइन सोडली असती तर १६ आला असता, युजरनेम-पासवर्ड नाकारला असता तर १९. त्या एका आकड्याने शोधायची जागा वीतभर उरते.

पुढे त्यांनीच लिहिलंय की एलएसमॉड (कर्नेलला वरून जोडलेल्या तुकड्यांची, म्हणजे मॉड्यूल्सची, यादी दाखवणारी कमांड) चालवलं तर 'क्यूएम मॉड्यूल्स, फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड' असं काहीतरी येत होतं, "पण त्याचा मोडेमशी काय संबंध". सगळा संबंध तिथेच आहे! २.६ मध्ये मॉड्यूल चढवण्याची पद्धतच बदलली. जोडणीचं काम आता कर्नेल स्वतः आत करतं, फाइलचं शेपूट .ओ चं .केओ झालं, आणि मॉड्यूल चढवणाऱ्या जुन्या हत्यारांना, मॉडयुटिल्सना, यातलं काहीच कळत नाही. त्याऐवजी मॉड्यूल-इनिट-टूल्स लागतात. सीरियलचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच बांधलेला होता म्हणून डायल तरी झालं. पीपीपी मात्र मॉड्यूल म्हणून बाहेर पडून होतं, ते आत येऊच शकलं नाही.

एक पॅकेज बदलायचं होतं. त्यासाठी सगळ्यांना "कर्नेलला हात लावू नका" सांगणं बरोबर नाही.

रात्रपाळी

तुमचं निदान कदाचित बरोबर असेल, घरी जाऊन बघतो. पण तुम्ही ज्या सुरात लिहिलंय त्याचा मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

मॅन पान वाचा म्हणणं सोपं आहे. त्या रात्री माझ्यासमोर काय होतं ते ऐका. डब्ल्यूव्हीडायल (डायल करणारा प्रोग्रॅम) नंबर फिरवतं, कनेक्ट येतं, पीपीपीडी मरतो, आणि ते आपणहून पुन्हा नंबर फिरवतं. ऑटो रीकनेक्ट मुळातच चालू असतो हे मला माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि परत आलो तोवर स्क्रीनवर पाच वेळा तेच. दर वेळी कॉल लागलेला, दर वेळी बिलात चढलेला. आणि ज्या पॅकेजबद्दल तुम्ही एवढ्या सहज बोलताय ते कुठे आहे? इंटरनेटवर. इंटरनेट कुठे आहे? त्याच मोडेमच्या पलीकडे. विहिरीत पडलेल्याला दोर विहिरीच्या काठावर ठेवलाय असं सांगून काय उपयोग?

२.४ लावलं, पहिल्या झटक्यात लागलं. सामान्य माणूस यावरून काय समजेल? तेच मी समजलो आणि तेच लिहिलं.

मूळस्रोत

मूळ दुखणं वेगळंच आहे आणि त्यावर इथे कुणीच बोलत नाही. रात्रपाळींचा मोडेम बाहेरचा, सीरियलवाला आहे म्हणून गोष्ट एका पॅकेजवर निभावली. डायल-अपच्या दहा तक्रारी उघडून बघा, निम्म्याहून जास्त विनमोडेमच्या निघतील. त्या कार्डावर मोडेम नसतोच, फोनच्या तारेचा आवाज आत-बाहेर करण्यापुरता सरंजाम असतो. मोडेमचं खरं काम सीपीयूवर चालणारा ड्रायव्हर करतो, आणि त्या ड्रायव्हरचा गाभा कंपनी बंद डब्यात, म्हणजे सोर्स (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) न दाखवता, देते. २.४ साठी बांधलेला डबा २.६ मध्ये चढणार नाही. व्हर्जन मॅजिक (मॉड्यूल कोणत्या कर्नेलसाठी बांधलं ती खूण) जुळत नाही म्हणून कर्नेल तो दारातच परत पाठवतं, आणि तेच योग्य आहे.

लोक कर्नेलला शिव्या देतात. शिव्या द्यायच्या तर सोर्स न देणाऱ्यांना द्या.

तारायंत्र

मूळस्रोत, हे तुम्ही दर वेळी म्हणता आणि दर वेळी मला त्रास होतो, म्हणून आज उत्तर देतोच.

माझा लॅपटॉप आहे. मोडेम त्यातच आहे, स्मार्ट लिंकच्या ड्रायव्हरवर चालणारा. तो मी निवडला नाही, मशीनबरोबर आला. २.४ वर दोन वर्षं बिनतक्रार चालला. नवं कर्नेल आलं की त्या ड्रायव्हरचं स्लॅमआर मॉड्यूल पुन्हा बांधायचं, त्याला त्याच कर्नेलचे हेडर (बांधणीला लागणाऱ्या फाइली) लागतात, मग कंपायलर कोणता होता ते बघा, मग ते चढलं तर मागे त्याचा जोडीदार प्रोग्रॅम एसएलमोडेमडी चालवा, मग मोडेम /डेव्ह/टीटीवायएसएल० या नावाने दिसतो का बघा. एवढं करून गेल्या महिन्यात नवं २.६ टाकलं तर बांधणीच मध्ये तुटली. का, तर कर्नेलच्या आतलं एक फंक्शन बदललं. माझ्या ड्रायव्हरमध्ये काही बदललं नव्हतं, मोडेममध्ये नव्हतं, माझ्यात नव्हतं. बदललं कर्नेल. मग दोष कुणाचा?

आतले इंटरफेस निदान एका मालिकेत तरी स्थिर ठेवा, एवढीच मागणी आहे.

मूळस्रोत

ती मागणी मान्य होणार नाही आणि होऊ नये. कर्नेलचे एक विकसक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यावर सविस्तर लिहिलेलं कर्नेलच्या डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्येच आहे. प्रोग्रॅमना दिसणारा इंटरफेस, म्हणजे सिस्टम कॉल, ते मोडत नाहीत. आतले मात्र गरजेप्रमाणे बदलतात, आणि जो बदलतो तोच झाडातल्या (कर्नेलच्या मुख्य सोर्समधल्या) सगळ्या ड्रायव्हरांमध्ये दुरुस्ती करतो. साधा ८२५० सीरियल ड्रायव्हर बघा, किती उलथापालथीतून गेला, तुम्हाला पत्ता तरी लागला का? तुमचा ड्रायव्हर झाडाबाहेर आहे कारण त्याच्या मालकाने तो बाहेर ठेवलाय.

आणि बंद डबेवाल्यांच्या सचोटीबद्दल बोलूच नका. २००४ च्या एप्रिलमधलं लिनक्संट या मोडेम ड्रायव्हर देणाऱ्या कंपनीचं प्रकरण आठवतंय ना? त्यांच्या मोडेम ड्रायव्हरच्या लायसन्सच्या ओळीत 'जीपीएल' (मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स) लिहून पुढे शून्य अक्षर (मजकूर संपल्याची खूण) घातलेलं होतं. कर्नेल तिथेच वाचायचं थांबे आणि ड्रायव्हर मुक्त आहे असं समजे.

तारायंत्र

आठवतं. त्यांचं म्हणणं काय होतं तेही आठवतं: एकेका मॉड्यूलमागे येणाऱ्या इशाऱ्यांनी लोक गोंधळून जातात.

मूळस्रोत

म्हणून खोटं लिहायचं? गोंधळलेल्या माणसाला खरं सांगतात. त्याचे डोळे झाकत नाहीत.

तारायंत्र

मी त्यांचं समर्थन केलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका! त्यांनी केलं ते चूकच होतं. पण तुमच्या तत्त्वाची किंमत माझ्यासारखा माणूस भरतो, कंपनी भरत नाही. कंपनीचे पैसे तिला केव्हाच मिळालेत. माझ्या बहिणीचा निकाल त्या आठवड्यात इंटरनेटवर लागणार होता. घरात फोन आहे, मोडेम आहे, कॉम्प्युटर आहे, आणि मी तिला सांगतोय की थांब, हेडर जुळत नाहीत. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती तुम्ही बघायला हवी होती. "बाहेरचा मोडेम घे" हे तुम्ही आता म्हणाल. घेईनही. पण ज्याच्याजवळ आज तेवढे पैसे नाहीत त्याला तुमच्या लिनक्समध्ये जागा आहे की नाही, ते एकदा स्पष्ट सांगा.

आठबिट

जरा सबुरीने घ्या. मूळस्रोत यांचं तत्त्व मला पटतं, पण तारायंत्र यांना दिलेलं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. लॅपटॉपवाल्याला मोडेम निवडायला मिळत नाही हे खरंच आहे.

मूळस्रोत

जागा आहे. त्या जागेवर जुनं कर्नेल आहे आणि ते फुकट आहे. तेवढं मी मान्य करतो. त्यापुढे एक इंचही नाही.

नुसताचवाचक

मध्येच विचारतो, राग मानू नका. माझं २.६ वर कनेक्ट होतं, आयपीही मिळतो, पण एकही साइट उघडत नाही. नेटवर्क कार्डही आहे, त्याला दुसरा कॉम्प्युटर जोडलाय.

आठबिट

लॉगमध्ये जुना डीफॉल्ट रूट (बाहेर जायचा ठरलेला रस्ता) बदलत नाही अशी ओळ असेल. कार्डाच्या सेटिंगमध्ये गेटवे लिहिलेला आहे, तो काढा. पीपीपीडी आधीचा डीफॉल्ट रूट आपणहून काढत नाही, त्यामुळे तुमचं सगळं कार्डाकडे जातंय. ते करूनही नुसत्या नावाने उघडत नसेल आणि आकड्याने उघडत असेल तर पीपीपीडीला यूजपीअरडीएनएस (नावांचा पत्ता सांगणारा सर्व्हर पलीकडून मागणारा पर्याय) द्या.

नुसताचवाचक

गेटवेच होता. आभारी आहे.

रात्रपाळी

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. विनमोडेमवर एवढं रामायण झालं, माझा तो मोडेमच नाही. मुळात २.६ वर जायचंच कशाला? माझं २.४ ला काय वाईट चाललं होतं?

आठबिट

कुठलं २.४ ते आधी सांगा. २.४.२२ किंवा त्याआधीचं असेल तर त्यात डू-ब्रक या कर्नेलमधल्या फंक्शनची चूक आहे. मशीनवर साधं खातं मिळालेला माणूस तिच्यामुळे रूट (मशीनचा सर्वाधिकारी) होतो. २००३ च्या नोव्हेंबरात डेबियन या लिनक्स वितरणाचे सर्व्हर फोडले गेले तेव्हा हीच चूक वापरली गेली होती. ती दुरुस्त झाली २.४.२३ मध्ये. "कर्नेलला हातच लावू नका" याचा अर्थ ती चूक तशीच बाळगा असा होतो, आणि म्हणून मी एवढा तावातावाने लिहायला बसलो.

रात्रपाळी

२.४.२० होतं. पण तुम्ही स्वतःच सांगताय की दुरुस्ती २.४.२३ मध्ये आली. म्हणजे २.४ मध्येच राहून मी सुरक्षित होऊ शकलो असतो, मॉडयुटिल्सची भानगड न करता. मग २.६ ची सक्ती कुठून आली? शिवाय ती चूक वापरायला आधी आत शिरावं लागतं. माझ्या मशीनवर माझ्याशिवाय कुणाचं खातं नाही.

आठबिट

हे मात्र बरोबर बोललात. २.४ मध्येच पुढची आवृत्ती घेतली असती तर चाललं असतं, आणि मी ते पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं. सक्ती नाही. तुमचं वाक्य "मालिका बदलण्याआधी नीट बघा" असं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती.

विहिरीच्या दोराचं तुमचं म्हणणंही पटलं. उतरवायचं ते सगळं जुन्या कर्नेलवर असतानाच उतरवून ठेवायला पाहिजे. २.६ कर्नेलचं सोर्स तीसेक एमबी, सेकंदाला ५ केबी मिळाले तर पावणेदोन तास. मॉड्यूल-इनिट-टूल्स त्यापुढे किरकोळ. डाउनलोड तुटलं तर डब्ल्यूगेटला (डाउनलोड करणाऱ्या कमांडला) -सी देऊन तिथूनच पुढे. सोबत कर्नेलच्या डॉक्युमेंटेशनमधली चेंजेस नावाची फाइल वाचा, कोणतं हत्यार किमान कोणत्या आवृत्तीचं लागतं याचा तक्ता तिथे आहे. आणि मॉड्यूल-इनिट-टूल्स बसवताना जुनी हत्यारं .ओल्ड नावाने बाजूला ठेवता येतात. २.४ बूट केलं की नवी हत्यारं आपणहून त्यांनाच हाक मारतात. म्हणजे परतीची वाट बंद होत नाही.

तारायंत्र

बघा, हे असं कुणी सांगितलं की माणूस ऐकतो.

रात्रपाळी

काल रात्री बसलो. पॅकेज २.४ वर असतानाच उतरवलं, बसवलं, २.६ बूट केलं. एलएसमॉडने पहिल्यांदा धड यादी दाखवली. डेपमॉड (मॉड्यूल्सची सूची बनवणारी कमांड) चालवलं, पीपीपी जेनेरिक आणि पीपीपी असिंक दोन्ही चढले. डायल केलं. कनेक्ट आलं आणि पीपीपीडी जिवंत राहिला. खाली स्थानिक आणि पलीकडचा, दोन्ही आयपी दिसले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

तर निदान तुमचं बरोबर होतं, आठबिट. मान्य. माझ्या मूळ लेखात वाक्य बदलतो: सगळं आधी उतरवून ठेवल्याशिवाय कर्नेलला हात लावू नये. याहून सौम्य मी करणार नाही, कारण त्या दोन रात्री माझ्या गेल्यात.

ऑटो रीकनेक्ट बंद करून टाकलाय. डब्ल्यूव्हीडायलच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ आहे, ज्यांचं बिल फुगतंय त्यांनी आजच बघा.

मूळस्रोत

तारायंत्र, तुमच्या लॅपटॉपवर कोणतं २.६ होतं आणि बांधणी नेमकी कोणत्या ओळीवर तुटली ते पाठवा. डब्याचा गाभा बंद असला तरी कर्नेलला चिकटणारा वरचा थर सोर्समध्ये देतात. तुटलं असेल तर तिथेच. बघतो. बंद ड्रायव्हरबद्दल माझं मत यामुळे बदललेलं नाही.

तारायंत्र

पाठवतो. माझंही बदललेलं नाही.