जुन्या मारुती 800 ला सरकत पेटणारे इंडिकेटर

प्रश्न: माझ्याकडे 1996 सालची मारुती 800 आहे. मागच्या दिव्यांत आतून बाहेर क्रमाने पेटत जाणाऱ्या एलईडी पट्ट्या बसवल्या, परंतु आता इंडिकेटर फारच वेगाने लुकलुकतो आणि पट्टी अर्धीच पेटून विझते. काय करावे?

उत्तर 1: मूळ 21 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो, एलईडी त्याच्या तुलनेत नगण्य घेत असल्याने बल्ब उडाला आहे असे समजून फ्लॅशर (इंडिकेटर चालू-बंद करणारा छोटा भाग) वेग वाढवतो आणि पट्टीला पूर्ण सरकण्याइतका वेळच उरत नाही. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा. एलईडीला समांतर रोध (जुन्या बल्बप्रमाणे जास्त प्रवाह ओढणारा रेझिस्टर) जोडूनही काम भागते, मात्र तो चांगलाच तापतो, म्हणून प्लॅस्टिकला टेकवू नये.

उत्तर 2: वरील निदान पटते. मिनिटाला 90 वेळा लुकलुकल्यास दिवा प्रत्येक वेळी जेमतेम तृतीयांश सेकंद पेटतो, त्यामुळे पट्टी त्याआधीच पूर्ण उजळणारी हवी. 1965 च्या फोर्ड थंडरबर्ड या अमेरिकी गाडीत दिवे क्रमाने पेटवण्याचे हेच काम छोटी विजेची मोटर करीत असे! रंग मात्र पिवळाच ठेवावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आधी फ्लॅशर बदलून पाहतो.